तासभराची चाचणी

आमच्या कारखान्यात हवा शुद्ध करायची मशिनं बनतात. रस्त्यावर धूरच इतका, की गिऱ्हाइकांना तोटा नाही. प्रत्येक मशीन खोक्यात भरण्याआधी हॉलमध्येच तासभर चालवून बघायचं, ही आमची पहिल्यापासूनची पद्धत. मग मालकांचे जावई मॅनेजर होऊन आले. कामाचा गंध नाही, पण अक्कल पाजळायची भारी हौस.

"तासभर नुसती फिरवत काय बसता? वीज फुकट येते का?" म्हणत जावईबापूंनी चाचणी दोन मिनिटांवर आणली. "आता बघा माल कसा दुप्पट निघतो!"

महिन्याभरात अख्खा हॉल खोकायला लागला. आज हा दवाखान्यात, उद्या ती रजेवर. माल निम्म्यावर आला, ऑर्डरी पडून राहिल्या. सासऱ्यांनी फोनवर हजेरी घेतली, तेव्हा कुठे स्वारी केबिनमधून खाली उतरली.

"आधी तर धडधाकट होतात. आताच काय धाड भरली सगळ्यांना?"

"आधी मशिनं दिवसभर चालू असायची, साहेब," पॅकिंगच्या वहिनी दम खात म्हणाल्या. "त्यांच्या जिवावर तर आम्ही इथे श्वास घेत होतो."

जावईबापू गंभीर झाले. नाकाला रुमाल लावून हॉलभर फिरले, मान डोलावली आणि वर गेले. दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस लागली:

'कामगारांना आपल्या मशीनच्या खरेदीवर दहा टक्के सूट. खोकला असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.'