काट्याचा हिसका

मंगळाच्या खाणीवर गेलेल्या नवऱ्याच्या नाडीचे ठोके दाखवणारी तबकडी हेमलता बर्वेंनी इक्बालभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर परत आणून ठेवली.

"काटा फार मऊ फिरतोय. पूर्वीसारखा करून द्या."

इक्बालभाई खट्टू झाले. चारच दिवसांपूर्वी त्यांनी तबकडीतल्या मायक्रोकंट्रोलर चिपचा प्रोग्राम बदलला होता. आता मोटर एका टप्प्याचे सोळा बारीक टप्पे करायची आणि काटा नव्या आकड्याकडे सावकाश सरकायचा. क्षणभराचे हिसके तो गिळून टाकायचा.

"खडखड नको, असं तुम्हीच म्हणालात की ताई."

"म्हणाले खरं. पण रोज सात वाजता हे मनगटावरचा नाडी मोजणारा पट्टा दोनदा काढून लगेच घालतात. काटा दोनदा धाडकन शून्यावर पडायचा. मग मीही माझा पट्टा तसाच काढायचे. तिकडे त्यांच्याकडे माझ्या ठोक्यांची तबकडी आहे. बोलायला महिन्यातून एकदाच मिळतं हो."

इक्बालभाईंनी जुना प्रोग्राम भरला. काटा पुन्हा खडखडू लागला.

सात वाजले. सव्वासात झाले. काटा एकदाही पडला नाही.

"चार दिवस मी उत्तर दिलं नाही ना," हेमलता म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा पट्टा दोनदा काढून घातला आणि स्टूल ओढून बसल्या. "मंगळापर्यंत खूण जायला वीस मिनिटं, उत्तर यायला वीस."

सव्वाआठपर्यंतही काटा पडला नाही, तेव्हा त्यांनी तबकडी पिशवीत ठेवली.

"बहात्तर ठोके," त्या म्हणाल्या. "तब्येत चांगली आहे त्यांची."