वरचं दूध

आजोबांनी बाटलीचं झाकण काढून नाक जवळ नेलं. दुधाला साबणाचा वास येत होता. वर पिवळसर साय चढलेली, खाली निळसर पाणी. डेअरीत दूध तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. साबणाचा वास म्हणजे एक तर भेसळ, नाही तर नीट न विसळलेला कॅन. दोन्हीला न्याय एकच. हात आपोआप वळला आणि बाटली सिंकमध्ये रिकामी झाली.

दुसरी उघडली. तोच वास. आणि फ्रिजमध्ये तिसरी नव्हती.

दुपार झोपेत चालल्यासारखी चालली होती. पडद्यातून येणारं ऊनसुद्धा पेंगुळलेलं. जागी होती ती एकटी नात, आणि ती बेंबीच्या देठापासून रडत होती. बाळंतपणाची रजा संपवून लेक आजच कामावर गेली होती, ती यायची संध्याकाळी. आजोबांनी घाबरून फोन लावला.

"ओतलंत?" लेक किंचाळलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहो बाबा, ते तुमच्या डेअरीचं नाही, माझं आहे. फ्रिजमध्ये राहिलं की येतो त्याला तसा वास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालतं. कोमट पाण्यात ठेवा आणि बाटली हळूच गोल फिरवा, साय मिसळेल. आंबट लागलं तरच टाका."

"लागलं म्हणजे?"

"म्हणजे चाखून बघा."

आजोबांचे कान तापले. "भलतंच काय! लेकीचं दूध..."

"थेंबभर हो! गावभरचं दूध चाखलंत, घरच्याचीच कसली लाज? लहानपणी प्यायलात तसंच लागतंय का, तेवढं सांगा."

पलीकडे लेकीने जीभ चावली. बाबांची आई त्यांना जन्म देऊन गेली, ते वरच्या दुधावर वाढले, हे तिला काय ठाऊक नव्हतं?

"बाबा, मी आपलं..."

"असू दे गं. थांब जरा."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पातेल्यातल्या कोमट पाण्यात बाटली धरून हळूहळू फिरवत राहिले. साय सुटली, विरघळली, दूध पुन्हा एकजीव झालं. मग नातीला खांद्यावर घेऊन त्यांनी मनगटावर एक थेंब टाकला आणि जिभेला लावला.

साबण नाकाशीच राहिला. जिभेवर आली ती पातळ, कोमट गोडी. गाईची नाही, म्हशीची नाही, शेळीचीही नाही. आजोबांचे डोळे मिटले. ऊन, ओटा, खांद्यावरचं रडणं, सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं लांब गेलं. आपण अगदी लहान झालोय, कुणीतरी कुशीत घेतलंय, असं त्यांना वाटलं. फार बरं वाटलं.

"बाबा? आंबट आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "गोड आहे. फार गोड आहे गं."

"मग द्या की तिला! किती रडतेय!"

"देतो, देतो. एकदा खात्री करून घेतो," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी मनगटावर आणखी एक थेंब टाकला.