डाव्या हाताचं घर

"तिसरा मजला, डाव्या हाताचं घर," फोनवरचा लिफ्टवाला सांगत होता. "दाराजवळच्या खिडकीतून काचेची पेटी दिसते, मॅडम. आत हा एवढा मोठा सरडा. मी पंधरा दिवसांनी एकदा लिफ्ट तपासायला येतो. मागच्या खेपेला मान तरी उचलत होता. आज नुसता पडून आहे आणि दाराला कुलूप. फार दिवस काढेल असं वाटत नाही."

"सरडा नाही, इग्वाना," ताई म्हणाल्या. तोवर एक चप्पल पायात गेलीही होती.

लोकांच्या घरांतून हाल होणारे प्राणी सोडवून आणणं हे ताईंचं काम. एकदा निघाल्या की रिकाम्या हाताने परत येत नाहीत, असं सगळे म्हणत. सगळ्यांच्या आधी त्या स्वतःच म्हणत.

इमारतीच्या वॉचमनने त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि लिफ्टकडे हात केला. ताईंनी मान हलवली. लिफ्ट आजाऱ्यांसाठी असते, असं त्यांचं ठाम मत होतं. पन्नाशी उलटली तरी तीन मजले त्या एका दमात चढल्या. जिना संपला तसं समोर लिफ्टचं दार आलं. ताई डावीकडे वळल्या. दाराला कुलूप होतं आणि खिडकीवर पडदा ओढलेला होता.

"बघ, लपवायची अक्कल बरोबर असते," त्या मागून धापा टाकत आलेल्या वॉचमनला म्हणाल्या.

या घराची एक चावी त्याच्याकडे असे. "साहेब दुकानात असतील. एक फोन लावू का?"

"आधी जीव, मग साहेब. उघड."

आत काचेची पेटी होती आणि पेटीत तो. जबडा वाकडा झालेला, मागचे पाय थरथरणारे, कमरेची हाडं मोजून घ्यावीत अशी वर आलेली. ऊन नाही, धड खाणं नाही, म्हणून हाडं अशी मऊ पडतात, हे त्यांना सांगायला कोणी लागत नव्हतं.

पेटीवरचा दिवा मात्र नवाकोरा होता. कोणीतरी झापलं असणार, म्हणून घाईघाईने आणलेला. वाटीत पाला होता, तोही बाळाला भरवावा इतका बारीक चिरलेला. एका दिवसाची हौस. कॅल्शियमची बाटली अर्धी संपलेली. सांडली असेल.

त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घराचा मालक ताईंच्या दारात हजर झाला. चष्म्याचं दुकान चालवणारा, हळू बोलणारा माणूस. त्याच्या स्वतःच्याच चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"मला एकदा बघू तरी द्या त्याला."

"इतके दिवस बघायला डोळे नव्हते का?"

"ताई, माझं ऐका. ते समोरचे लोक..."

"समोरच्यांवर ढकलू नका. तक्रार त्यांनी केली असती तर मी त्यांची पाठ थोपटली असती."

"तसं नाही हो. समोर अजून..."

"चोराच्या उलट्या बोंबा पुरे झाल्या!"

चष्मेवाल्याने खिशातून एक छोटी वही काढून टेबलावर ठेवली. "निदान ही वाचा. आणि जास्वंदीचं फूल दिलंत तर तो लवकर खातो."

तो गेल्यावर ताईंनी वही खणात ढकलली. सबबी वाचायला त्यांना वेळ नव्हता.

"ऐकून तरी घ्यायचंस गं त्याचं," आतून सासूबाई म्हणाल्या.

"आई, असली माणसं सरड्यासारखे रंग बदलतात."

"अगं, याच्यादेखत तरी असं म्हणू नकोस."

पुढे चष्मेवाल्याचे दोन फोन आले. ताईंनी दोन्ही कापले.

घरात मात्र पाहुण्याचे लाड सुरू झाले. सकाळी गच्चीवर ऊन, मग कोमट पाण्याची अंघोळ, मग पाला. सासूबाई त्याला जावईबापू म्हणायला लागल्या, कारण एवढी सरबराई या घरात दुसऱ्या कोणाची झाली नव्हती. चौथ्या दिवशी ताईंनी जास्वंदीचं फूल पुढे केलं. कोणी सुचवलं होतं ते सोयीने विसरून. जावईबापूंनी ते दोन घासांत संपवलं.

आला तेव्हा तो नऊशे ग्रॅम होता. पंधराव्या दिवशी काटा नऊशे नव्वदवर गेला. अंग हिरवंगार झालं होतं, मान वर होती, आणि त्याने शेपटीचा असा फटका मारला की वाटी भिंतीवर जाऊन आदळली. ताईंना इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"माझ्या हाताला यश आहे, आई," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. लिफ्टवाला होता.

"मॅडम, तुम्हाला यायला जमलंच नाही का?"

"जमलं नाही कसं? त्याच दिवशी घेऊन आले. आता बघितलास तर ओळखणार नाहीस त्याला."



"मग खिडकीतला हा कोण?"

"कुठल्या खिडकीतला?"

"मी सांगितलं होतं ना, डाव्या हाताचं घर. आत्ता लिफ्टमधून बाहेर पडलो आणि डावीकडे वळलो. पेटी तिथेच आहे, कुलूपही तसंच आहे."

लिफ्टमधून. जिन्यातून नव्हे. ताईंनी फोन कानाशी तसाच धरून खण ओढला. वहीत तारखा होत्या आणि तारखांपुढे वजनं. सातशे चाळीस, आठशे दहा, आठशे ऐंशी. त्यांनी पानं मागे उलटत नेली. पहिल्या पानावर बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं: 'समोरच्या घरातल्या दोन इग्वानांपैकी एक आज हात जोडून मागून आणला. वजन सहाशे नव्वद. दुसरा द्यायला ते अजून तयार नाहीत.'

"हॅलो? मॅडम?" लिफ्टवाला विचारत होता. "मी काच वाजवून बघतोय. हा डोळे उघडत नाहीये."