खिंडीपलीकडची लेक

थंडीत खोऱ्यात गार हवा साचून बसायची आणि गावभरच्या चुलींचा धूर खालीच कोंडायचा. यंदा खिंडीत राक्षसी पंखे बसवले, तसा तो धूर डोंगरापलीकडे जाऊ लागला. पहिल्या पंख्याला हळदकुंकू वाहिलं द्वारकाबाईंनीच. मानाचं काम त्या सोडतात होय!

संक्रांतीच्या तोंडावर त्या चुलीवर तीळ भाजत होत्या, तोच खिंडीपलीकडे दिलेल्या लेकीचा, मंजुळाचा फोन आला.

"आई, तीळ करपवलेस ना?"

"तुला गं कसं कळलं?"

"वास आला. तुमच्या गावात तीळ करपवणारी तूच एकटी." मंजुळा हसता हसता खोकू लागली. मागून नातीचाही खोकला ऐकू आला. "पोरीला श्वास घेववत नाही गं. सासूबाई म्हणतात, आजोळचाच धूर आहे, सोस."

"तिला घेऊन इकडे ये."

"आणि इथली बाकीची पोरं?"

द्वारकाबाईंनी तांब्या उचलला आणि चुलीत पाणी ओतलं. भसकन धुराचा लोट उठला, छपरातून बाहेर पडला आणि सरळ खिंडीकडे निघाला.

"मंजू," त्या फोनवर ओरडल्या, "खिडक्या लावून घे गं!"