चातुर्मासात राहिलेलं प्रकरण

चातुर्मासात आवडीचं काहीतरी देवासाठी सोडायचं, म्हणून रेश्माने कादंबरी सोडली, तीही नेमकी शेवटच्या प्रकरणावर. “लोक वांगं सोडतात गो,” आई हसली. कादंबरीत माहुलीच्या किल्लेदाराचा शिक्का चोरीला गेला होता आणि आळ आलेल्या हेराचा पहाटे कडेलोट होणार होता. त्याच्यावर जीव जडलेली कलावंतीण एकटीच खरा चोर शोधत होती. वाती वळताना रेश्माचे डोळे मिटत आणि गडावरच्या धुक्यातून पैंजणं वाजत. श्रावणात न राहवून तिने वाचनालयातल्या साईनाथला विचारलं, “तो जगतो का, एवढंच सांगा.” “नाय सांगणार. व्रत मोडेल तुमचं.” कार्तिकी द्वादशीला उद्यापन करून ती शहापूरला वाचनालयात आली. साईनाथने कपाटात जपलेलं पुस्तक समोर ठेवलं. “शेवट बरा आहे ना?” तिने विचारलं. “मला काय ठाऊक? तुमी थांबलात, मी पण थांबलो.” रेश्माने त्याला बाकावर जागा केली.