झाकणावरची दुसरी ओळ

रविवारी दुपारी तीन वाजता पेंटरने मुलीच्या ट्रंकेवरचं शाळेचं नाव तिसऱ्यांदा पुसलं.

पहिल्या ओळीत मुलीचं नाव होतं, त्याला धक्का नव्हता. भांडण दुसऱ्या ओळीचं होतं. सकाळी बायको म्हणाली, "ठरलं. नवीन शाळा." त्याने जुन्या शाळेच्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि नवीन नाव काढलं. मग बायकोच्या बहिणीचा फोन आला आणि जुनीच शाळा बरी असं ठरलं. जेवणं झाल्यावर पुन्हा नवीन. ओल्यावर ओला हात दिला की रंगाला सुरकुत्या पडतात, हे तो हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचा. आज घरच्या कामात त्याने नेमकं तेच केलं होतं. झाकणावर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी जमलं होतं.

वसतिगृहाची सुट्टी संपली होती. उद्या सकाळी सहाला जुन्या शाळेची बस, साडेसहाला नवीन शाळेची. झाकणावर शाळेचं नाव नसलेली ट्रंक दोन्हीकडचे क्लीनर टपावर चढवत नाहीत.

"अहो, मी काय म्हणते..." बायको फोन हातात घेऊन दारात आली.

"आता काही म्हणू नकोस. रंगाचा डबा संपत आलाय."

"ताई म्हणते, नवीन शाळेत शिस्त फार कडक आहे."

"मग ताईलाच पाठव वसतिगृहात. ट्रंक रंगवून देतो तिची."

पायरीवर बसलेल्या मुलीने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. पेंटरने ते पाहिलं आणि तो आणखीच भडकला.

"हसतेस काय? सकाळपासून मूग गिळून बसली आहेस. जुन्या शाळेत त्रास तरी काय आहे तुला?"

"त्रास नाही."

"मग?"

"जेवताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते." मुलगी म्हणाली. "मुद्दाम नाही करत कुणी. पण असते."

"म्हणून तर नवीन शाळा म्हणतेय मी!" आई म्हणाली. "तिथे मिळतील मैत्रिणी."

"तिथेही मीच जाणार ना, आई?"

फोन वाजला. बायकोने बहिणीचं नाव पाहिलं आणि या वेळी तो उचलला नाही.

पेंटरने लोखंडी पत्ती घेतली. दुसरी ओळ खरवडून खरवडून पत्र्यापर्यंत नेली, पॉलिश पेपर मारला, फडक्याने पुसली. मग पांढरा हात दिला, चांगला जाड. टर्पेंटाइनची बाटली पायाशीच होती. दोन थेंब घातले असते तर रंग पातळ होऊन लवकर वाळला असता. त्याने बाटलीचं बूच काढलं नाही.

"हा वाळल्याशिवाय मी अक्षर काढणार नाही," तो म्हणाला. "सुरकुत्या पडतात."

"कधी वाळेल?"

"रात्रभर तरी लागेल."

"अहो, बस सहाला आहे!"

"माहीत आहे मला."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग तणतणत आत गेली.

संध्याकाळी सात वाजता दोन्ही शाळांचे गणवेश पलंगावर शेजारी शेजारी इस्त्री करून ठेवलेले होते. झाकणावर मुलीचं नाव होतं आणि खाली कोरी पांढरी पट्टी. मुलगी अंगणात आली, ट्रंकेपाशी उकिडवी बसली आणि पट्टीच्या कडेला तिने हळूच बोट टेकवलं.

"बाबा, अजून ओलं आहे!" तिने आत ओरडून सांगितलं.

दिवसभरात ती एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलली होती.