शिंप्याचा पुदिना

"न्हाणीघरात पाय घसरला रे दादा," बहीण दारातूनच म्हणाली. तोंडावर ओला टॉवेल, डावा डोळा सुजून बंद.

दादा लोहार होता, खुळा नव्हता. गेल्या महिन्यात ती जिन्यावरून पडली होती. त्याआधी म्हणे कपाटाचं दार लागलं होतं. एकेकाळी त्याला पाहिलं की धावत येऊन गळ्यात पडणारी पोर आता चार हात लांब उभी होती. एवढा धाक कुणी बसवला, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"कुठाय तुझा तो शिंपी नवरा?"

"मागे अंगणात. पण त्यांना काही बोलू नकोस. तुला माझी शपथ!" एवढं बोलून ती खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली.

घरभर पुदिना घमघमत होता. खिडकीत पुदिन्याचे डबे, पाण्याच्या तांब्यात काड्या, कापडाच्या गठ्ठ्यांत वाळलेली पानं. शिंप्याने त्या बिचाऱ्या पाल्याला पंचवीस कामांना जुंपलं होतं. हा कापडाच्या कसरीसाठी, तो उंदरांसाठी, चहातला पोटासाठी. दर खेपेला तो ही यादी ऐकवायचा आणि दर खेपेला दादाच्या डोक्यात तिडीक जायची. या भावंडांना पुदिना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा बाप दारू ढोसून आला की असाच मूठभर पाला चघळायचा, साळसूदासारखा बोलायचा आणि मग आईला झोडपायचा. सतराव्या वर्षी दादाने त्याला बखोट धरून घराबाहेर काढलं. बाप पुढे रस्त्यावरच मेला. दादा त्याचं तोंड बघायलाही गेला नाही, आणि त्याला त्याची खंतही नव्हती.

शिंपी वाफ्याला पाणी घालत होता. खिशातून पुदिन्याच्या काड्या डोकावत होत्या.

"दादा! अहो, कळवलं असतं तर..."

"पितोस तू?"

शिंप्याने बंद खोलीकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "हो."

"तिच्यावर हात टाकतोस?"

या वेळी जरा उशीर लागला. "हो."

पहिल्याच थपडेत चष्मा उडाला. दुसरीत ओठ फाटला. शिंपी खाली कोसळला तसा दादाने त्याच्या बरगडीत बुटाची लाथ घातली, एक, दोन, तिसरीला आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. शिंप्याने हात उचलला नाही, की तो ओरडला नाही. त्याचं ते गप्प राहणं दादाला आणखीच पेटवून गेलं.

"कुठल्या हाताने मारतोस? बोल!"

दादाने त्याचा उजवा हात फरशीवर दाबला आणि टाच हाणली. सुई धरणारी बोटं काडकन मोडली. खोटं कशाला बोला, दादाला बरं वाटलं. आईसाठी जे उशिरा केलं, ते बहिणीसाठी वेळेवर झालं होतं.

"तिला घेऊन चाललोय. पुन्हा दिसलास तर दुसरा हातही ठेवणार नाही."

"तिला इथेच राहू द्या," शिंपी रक्त थुंकत म्हणाला. "तुमच्याकडे तिचं कसं निभेल?"

"दात घशात घालीन!"

दादाने खोलीच्या दारावर थाप मारून बहिणीला सामान भरायला सांगितलं आणि गल्लीच्या तोंडाशी उभी केलेली गाडी आणायला गेला. गाडी दाराशी लावून तो आत आला, तर खोली उघडी होती आणि पिशवी रिकामीच होती. तो मागच्या दाराशी गेला.

बहीण अंगणात गुडघ्यांवर बसून हुंदके देत होती. तिचा तोल जात होता. शिंपी सरपटत तिच्यापर्यंत पोचला होता, आणि धड राहिलेल्या हाताने तिच्या तोंडात पानं कोंबत होता.

"चाव, लवकर चाव," तो कुजबुजला. "गाडीत दादाच्या शेजारी बसायचंय तुला. तुझ्या तोंडाचा वास येईल त्याला."